क्लब हलवला, विम्बल्डन राहिलं

२८ मे २००२ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं निकाल दिला. दक्षिण लंडनमधल्या विम्बल्डन एफसी या क्लबनं आपलं बिऱ्हाड मिल्टन कीन्सला हलवायला हरकत नाही, असा तो निकाल. मिल्टन कीन्स हे लंडनच्या वायव्येला सुमारे नव्वद किलोमीटरवर, १९६७ नंतर आखून वसवलेलं शहर. तिथे मोठ्या लीगमधला क्लब नव्हता आणि तिथल्या एका उद्योजक गटाला तो हवा होता. विम्बल्डनला मैदान नव्हतं आणि पैसेही नव्हते. कागदावर जोडी जमली.

चाहत्यांची भूमिका आयोगासमोर आली होती. क्लब गेला तर आम्ही विम्बल्डनमध्ये नवा क्लब उभा करू, असं त्यांच्याकडून सांगितलं जात होतं. त्यावर निकालपत्रात एक वाक्य आलं, जे पुढे या सगळ्या प्रकरणाची ओळख बनलं. असा नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं ठरणार नाही, असं आयोगानं लिहिलं.

त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, १० जुलै २००२ ला, त्या नव्या क्लबचा पहिला सामना झाला. तो ०-४ असा हरला. बघायला ४,६५७ लोक आले होते आणि गर्दीमुळे सामना उशिरा सुरू करावा लागला.

मी या प्रकरणाकडे वारंवार परत येतो. आयुष्यभर एखाद्या क्लबवर जीव लावणं म्हणजे नेमकं काय, आणि लहानपणी खेळाडू व्हायचं म्हणून पाहिलेलं स्वप्न पुढे कुठे जातं, हे दोन प्रश्न इथे एकत्र भेटतात. पुण्यात राहणाऱ्या फुटबॉलवेड्या माणसाला यातलं बरंचसं परकं वाटत नाही. त्याकडे नंतर वळेन.

शंभर वर्षांची पुंजी

१८८९ साली विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स या नावानं क्लब सुरू झाला. सुरुवातीची वर्षं ते विम्बल्डन कॉमन या मोठ्या सार्वजनिक मोकळ्या जागेवर खेळले. नंतर प्लाऊ लेन हे त्यांचं मैदान झालं. १९७७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं, हा क्लब इंग्लंडच्या मुख्य फुटबॉल लीगच्या बाहेरच होता. नोकरी-धंदा सांभाळून खेळणारी माणसं, लाकडी फळ्यांची बसायची जागा आणि शनिवारी दुपारी मोहल्ल्यातून चालत येणारे प्रेक्षक, अशी त्याची शान होती.

१९७५ च्या जानेवारीत या लीगबाह्य संघानं एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत पहिल्या श्रेणीतल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर १-० नं हरवलं. पुढची गाठ लीड्स युनायटेडशी पडली. लीड्स त्या वेळी इंग्लंडचे लीग विजेते होते. सामना ०-० सुटला, कारण गोलरक्षक डिकी गाय यानं पीटर लॉरिमरची पेनल्टी अडवली. लॉरिमरचा फटका त्या काळात युरोपातल्या सगळ्यात जोरकस फटक्यांपैकी एक समजला जायचा. फेरसामना विम्बल्डन एका गोलनं हरले. पण त्या वर्षी प्लाऊ लेनच्या आसपासच्या गल्ल्यांत खेळणाऱ्या कितीतरी पोरांनी स्वतःला डिकी गाय म्हणवून घेतलं असेल.

पुढची तेरा वर्षं फुटबॉलमध्ये सहसा पाहायला न मिळणारी. १९७७ ला लीगमध्ये प्रवेश, १९८६ ला थेट पहिल्या श्रेणीत आणि १४ मे १९८८ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एफए कपचा अंतिम सामना, समोर लिव्हरपूल. लॉरी सांचेझनं हेडरनं गोल केला. दुसऱ्या डावात जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी डेव्ह बीझंटनं डावीकडे झेपावत बाहेर ढकलली. वेम्ब्लीवरच्या एफए कप अंतिम सामन्यात पेनल्टी अडवण्याची ती पहिलीच वेळ. विम्बल्डन १-० नं जिंकले. गोलरक्षकानं अडवलेली पेनल्टी ही गोष्ट या क्लबच्या इतिहासात पुन्हा एकदा येणार आहे, म्हणून इथे थोडा थांबलो.

१९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, त्यात अखेर ९७ लिव्हरपूल समर्थकांचा जीव गेला. त्यानंतर वरच्या श्रेणीतल्या सर्व मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसायची खुर्ची हवी, असा नियम आला. जुन्या प्लाऊ लेनला ते झेपण्यासारखं नाही, असं ठरवून तेव्हाच्या मालकानं १९९१ मध्ये संघ क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाड्यानं नेला. चाहत्यांना तात्पुरतं म्हणून सांगितलं गेलं. प्लाऊ लेनची जागा १९९८ मध्ये एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. १९९७ मध्ये नॉर्वेच्या दोन उद्योगपतींनी क्लब घेतला, २००० साली क्लब प्रीमियर लीगमधून, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतून, खाली घसरला, टीव्हीचे पैसे आटले आणि तोट्याचा आकडा फुगत गेला. ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्ष चार्ल्स कोपेल यांनी मिल्टन कीन्सची योजना जाहीर केली.

दोन्ही बाजू

मालकांचं म्हणणं अगदीच पोकळ होतं, असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या मैदानावर भाडं भरत राहणं, प्रेक्षक कमी, तोटा मोठा आणि विम्बल्डन ज्या मर्टन भागात येतं तिथे नवं मैदान बांधायला सहजासहजी जागा नाही. हलल्याशिवाय क्लब जगणार नाही, असं ते सांगत होते, आणि पुढे जून २००३ मध्ये क्लब खरोखरच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. फुटबॉल लीगनं आधी हे स्थलांतर नाकारलं होतं. मग प्रकरण लवादाकडे गेलं आणि शेवटी त्या तीन जणांच्या आयोगाकडे. परिस्थिती अपवादात्मक आहे, असा निष्कर्ष दोघांनी काढला.

पण त्या हिशेबात एक गृहीत धरलेली गोष्ट होती, आणि तीच साफ चुकीची होती. चाहते एकतर क्लबमागे मिल्टन कीन्सला जातील किंवा हळूहळू विरून जातील आणि नव्या शहरात नवे तयार होतील, असं धरलेलं होतं. समोर बसलेल्या माणसांना क्लबशी बांधून ठेवणारी गोष्ट काय आहे, याची विचारपूस कुठे झालेली दिसत नाही.

माझं त्याबद्दलचं मत असं आहे. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना बापाचा हात धरून मैदानावर जातो. तो तिथे सामना बघायला गेलेला नसतो, तो स्वतःला आत धावताना बघायला गेलेला असतो. घरी आल्यावर भिंतीवर चेंडू मारत तो त्या मैदानावरचा गोल पुन्हा करतो. चौदा-पंधराव्या वर्षी कधीतरी कळतं की आपण तेवढे चांगले नाही. इंग्लंडमध्ये क्लबच्या अकादमीत आठव्या-नवव्या वर्षी घेतलेली मुलं सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी मोठ्या संख्येनं सोडून दिली जातात. आपल्याकडे सोडायला अकादमीही नसते. आठवीपर्यंत मैदान, नववीत क्लास आणि दहावीत बूट माळ्यावर, हा क्रम माझ्या पिढीतल्या बहुतेकांचा. पण ते स्वप्न मरत नाही. तोच शर्ट घातलेल्या अकरा जणांच्या अंगावर ते सोपवलं जातं, आणि त्यानंतरची पन्नास वर्षं माणूस दर शनिवारी ते कसं चाललंय हे बघायला जातो. म्हणून त्या शर्टचा पत्ता महत्त्वाचा असतो. ज्या रस्त्यानं तो मुलगा मैदानाकडे चालत गेला, तो रस्ता मिल्टन कीन्समध्ये नाही.

सहा आठवडे

निकालानंतर दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, विम्बल्डनच्या चाहत्यांची सभा भरली. वर्षभर मोर्चे, निवेदनं, घोषणा यांत सगळे दमले होते. अजून न्यायालयात जायचं का, यावर चर्चा सुरू होती. समर्थक संघटनेचे प्रमुख क्रिस स्टुअर्ट उभे राहिले आणि म्हणाले की आता भांडून कंटाळा आलाय, मला फक्त फुटबॉल बघायचंय. सभेचा सूर तिथे पालटला. स्टुअर्ट, मार्क जोन्स, ट्रेव्हर विल्यम्स आणि आयव्हर हेलर या चौघांच्या पुढाकारानं एएफसी विम्बल्डन नावाचा क्लब कागदावर आला. मालकी डॉन्स ट्रस्टकडे, म्हणजे चाहत्यांच्या संस्थेकडे (डॉन्स हे विम्बल्डनचं टोपणनाव). आपल्याकडच्या सहकारी संस्थेचं तत्त्व इथेही तसंच्या तसं आहे, एका सभासदाला एक मत, मग त्यानं दहा पौंड दिलेले असोत की दहा हजार.

मैदान किंग्स्टनियन क्लबकडून किंग्जमेडोवर भाड्यानं मिळालं. जागा मिळाली ती कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये, इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर. प्रशिक्षक म्हणून टेरी ईम्स आले, जे स्वतः पूर्वी विम्बल्डनकडून खेळलेले होते. सगळं जमलं, फक्त खेळाडू नव्हते. एकही नव्हता.

कॉमनवरची निवड

मग क्लबनं जाहीर केलं की कोणत्याही क्लबशी बांधलेला नसलेला आणि आपण या दर्जाचे आहोत असं वाटणारा कोणीही निवड चाचणीला यावं. जागा विम्बल्डन कॉमन, दिवस २९ जून २००२.

२३० जण आले.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते या दिवसाबद्दल. त्याच कॉमनवर एकशे तेरा वर्षांपूर्वी मूळ क्लबची सुरुवात झाली होती, आणि आता तिथेच दोनशेहून अधिक तरुण पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. नवव्या पायरीवर खेळून कोणी श्रीमंत होत नाही. तिथले खेळाडू दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. तरीही इतके जण आले, कारण अशा खुल्या हाकेची वाट बघणारा तरुण प्रत्येक गावात असतो. अकादमीनं सोडलेला, दुखापतीनं मागे राहिलेला, रविवारच्या हौशी लीगमध्ये सगळ्यांना चकवणारा आणि ‘मला एकदा कोणी बघितलं असतं तर’ हे मनात घेऊन फिरणारा. एरवी हे दार त्याच्यासाठी उघडं नसतं. मोठे क्लब शोधक पाठवतात, आपण आपल्या पायांनी जाऊन ‘मला बघा’ म्हणायची सोय तिथे नाही. त्या जून महिन्यात, एका अन्यायातून, ती सोय झाली.

मैदानाच्या कडेला उभं राहून निवड बघणारे चाहते तर त्याहून वेगळ्या जागी होते. आयुष्यभर संघ त्यांना तयार मिळाला होता. इथे पहिल्यांदा संघ त्यांच्या डोळ्यांसमोर जन्माला येत होता, आणि त्यातल्या प्रत्येक मुलाचा पगार, शर्ट, बसचं भाडं हे त्यांच्याच वर्गणीतून जाणार होतं. स्वतःचं अपुरं राहिलेलं स्वप्न कोणावर सोपवायचं, हे ठरवण्याचा अधिकार इतक्या थेटपणे चाहत्यांच्या हातात क्वचितच आला असेल.

पहिल्या हंगामातल्या कर्णधाराची गोष्ट त्या दिवसाला अगदी शोभणारी आहे. जो शीरिन हा चेल्सीच्या युवा संघातून वर आलेला. १९९७ मध्ये त्याला प्रीमियर लीगमध्ये चेल्सीकडून एक सामना मिळाला, तोही शेवटच्या क्षणांत बदली खेळाडू म्हणून. प्रतिस्पर्धी होता विम्बल्डन. त्यानंतर चेल्सीच्या पहिल्या संघात तो पुन्हा दिसला नाही. मिनिटभराचं स्वप्न म्हणावं असं ते. पाच वर्षांनी तोच शीरिन विम्बल्डनच्या नव्या निळ्या-पिवळ्या शर्टात दंडावर कर्णधाराची पट्टी बांधून उभा होता आणि हजारो लोक त्याचं नाव घेत होते.

पायऱ्या

१७ ऑगस्ट २००२ ला सँडहर्स्ट टाऊन या छोट्या क्लबच्या मैदानावर पहिला लीग सामना झाला. २-१ असा विजय, आणि प्रेक्षक २,४४९. त्या मैदानानं इतकी माणसं कधी पाहिली नव्हती. पहिल्या हंगामात घरच्या सामन्यांची सरासरी प्रेक्षकसंख्या तीन हजारांच्या वर गेली. दुसरीकडे सेलहर्स्ट पार्कवर अजून स्थलांतराची वाट बघत असलेला मूळ क्लब, इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, याहून कमी लोकांसमोर खेळत होता. मला वाटतं की आयोगाच्या त्या वाक्याला सगळ्यात नेमकं उत्तर याच आकड्यानं दिलं.

हंगाम संपला तेव्हा संघ तिसरा होता. पुढच्या वर्षी मात्र लीगमधले ४६ पैकी ४२ सामने जिंकले, चार बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात सलग ७८ लीग सामने अपराजित राहण्याचा विक्रम झाला, जो क्रे वाँडरर्सनं २-० नं मोडला. या दरम्यान किंग्जमेडो मैदानही चाहत्यांनी पैसे जमवून ताब्यात घेतलं. २००४, २००५, २००८ आणि २००९ अशा चार वेळा वरची पायरी मिळाली.

आणि मग २१ मे २०११. मँचेस्टर सिटीच्या मैदानावर ल्यूटन टाऊनशी अंतिम लढत. जिंकेल तो फुटबॉल लीगमध्ये जाणार. वेळ आणि जादा वेळ संपली तरी ०-०. पेनल्टी शूटआउट. गोलमध्ये एएफसी विम्बल्डनचा सेब ब्राउन. हा दक्षिण लंडनमधलाच मुलगा, लहानपणापासून विम्बल्डनचा चाहता. क्लब हलवण्याचा निकाल लागला तेव्हा तो शाळेत होता. त्यानं त्या दिवशी दोन पेनल्टी अडवल्या. शेवटचा फटका डॅनी केडवेलनं जाळ्यात मारला आणि नऊ वर्षांत पाच बढत्या पूर्ण झाल्या.

लीड्सविरुद्ध डिकी गाय, लिव्हरपूलविरुद्ध बीझंट आणि ल्यूटनविरुद्ध ब्राउन. यातला तिसरा हा प्रेक्षकांतूनच आलेला होता. आणि पहिला, डिकी गाय, त्या वेळी चाहत्यांच्या या नव्या क्लबचा मानद अध्यक्ष होता. मालकीची कागदपत्रं आणि लीगमधली जागा मिल्टन कीन्सला गेली, पण डिकी गाय विम्बल्डनच्याच बाजूनं राहिला. या प्रकरणात खरा वारसा कुठे गेला, याचा निवाडा करायला मला एवढं पुरतं.

मूळ क्लब सप्टेंबर २००३ मध्ये मिल्टन कीन्सला गेला आणि २००४ मध्ये एमके (मिल्टन कीन्स) डॉन्स झाला. २००७ मध्ये त्यांनी एफए कपची प्रतिकृती आणि जुनी पदकं, मानचिन्हं मर्टनच्या स्थानिक प्रशासनाकडे परत दिली. दोन क्लब मैदानावर पहिल्यांदा भेटले ते डिसेंबर २०१२ मध्ये एफए कपमध्ये. एमके डॉन्स २-१ नं जिंकले, गोल अगदी शेवटी झाला आणि विम्बल्डनच्या चाहत्यांसाठी ती रात्र फार वाईट गेली असणार. ऑक्टोबर २०१४ मध्ये विम्बल्डननं पहिल्यांदा त्यांना हरवलं. २०१६ मध्ये प्लिमथला वेम्ब्लीवर २-० नं हरवून विम्बल्डन तिसऱ्या श्रेणीत पोचले, त्याच उन्हाळ्यात एमके डॉन्स खाली घसरले होते, आणि दोघे एकाच लीगमध्ये आले.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. मिल्टन कीन्समध्ये वीस-बावीस वर्षांत जी मुलं त्या क्लबवर जीव लावून मोठी झाली, त्यांचा यात काही दोष नाही. त्यांचं स्वप्नही तितकंच खरं आहे. अन्याय झाला तो त्यांच्या जन्माआधी, किंवा ती पाळण्यात असताना, आणि तो मोठ्या माणसांनी केला.

३ नोव्हेंबर २०२० ला क्लब प्लाऊ लेनवर परतला. जुन्या मैदानाच्या जागी इमारती उभ्या आहेत, म्हणून त्याच रस्त्यावर, काही मिनिटांच्या अंतरावर, जिथे ग्रेहाउंड शर्यतींचं मैदान होतं तिथे नवं मैदान बांधलं. डॉनकास्टरशी २-२ बरोबरी झाली. कोविडमुळे आत एकही प्रेक्षक नव्हता. ज्या दिवसासाठी एकोणतीस वर्षं थांबले, तो दिवस चाहत्यांनी घरात बसून पाहिला. वर्षभर आधी बांधकामासाठी पैसे कमी पडले होते आणि बाहेरचा गुंतवणूकदार घेऊन मालकीतला हिस्सा द्यावा का, यावर मोठी खळबळ झाली होती. चाहत्यांनी त्याऐवजी रोखे काढून एकमेकांकडून पन्नास लाख पौंडांहून अधिक उभे केले. मालकी ट्रस्टकडेच राहिली.

पुण्याकडून बघताना

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी मिळाला. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात नारिंगी शर्ट घालून जाणाऱ्यांत मीही होतो. २०१७-१८ च्या हंगामात संघ चौथा आला, उपांत्य फेरीत बंगळुरूकडून हरला. २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा नव्यानं निघालेल्या हैदराबाद एफसीला गेली. त्या हैदराबादनं २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेतेपद मिळवलं. त्या हंगामात हैदराबादच्या ताफ्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, जो २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला होता. म्हणजे पुण्याची जागा, कोल्हापूरचा मुलगा, गोव्याचं मैदान आणि चषक हैदराबादचा. २०२५ मध्ये हैदराबादचा क्लबही दिल्लीला हलवण्यात आला.

पुण्यात विम्बल्डनसारखं काही का झालं नाही? चाहत्यांना कमी वाटलं म्हणून नक्कीच नाही, रडलेली माणसं मी पाहिली आहेत. एक कारण वयाचं आहे. पाच वर्षांत कोणाचंही लहानपण त्या मैदानावर पूर्ण होत नाही. बापानं पोराला न्यावं आणि त्या पोरानं मोठं होऊन आपल्या पोराला न्यावं, इतका वेळ त्या शर्टला मिळालाच नाही. दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. इंग्लंडमध्ये नवव्या पायरीपासून वरपर्यंत सलग जिना आहे, नियम लेखी आहेत आणि जिंकत गेलं तर वर जाता येतं. एएफसी विम्बल्डनला २००२ मध्ये तळाला तरी उभं राहायला पायरी होती. २०१९ मध्ये पुण्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून संघ उभा केला असता, तर तो सुपर लीगमध्ये कुठल्या वाटेनं गेला असता? तेव्हा तशी वाटच नव्हती. सुपर लीगच्या खालची आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये जाणारा पहिला संघ पंजाब एफसी, तोही २०२३ मध्ये.

विम्बल्डन ज्या १८८९ साली सुरू झालं, त्याच साली कोलकात्यात मोहन बागान सुरू झालं. २०२० मध्ये एटीके या व्यावसायिक क्लबाशी जोडल्यावर संघाच्या नावात एटीके आलं, तेव्हा बागानच्या चाहत्यांनी तीन वर्षं ते नाव काढा म्हणून आंदोलन केलं, आणि २०२३ मध्ये ते निघालं. पिढ्यान्‌पिढ्यांची मुळं असली की चाहते कुठल्या ताकदीनं उभे राहू शकतात, हे आपल्याच देशात दिसलं.

महाराष्ट्रात तशी मुळं कुठे असतील तर ती कोल्हापुरात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. ही नावं पेठांची आणि तालमींची आहेत. राजकारण्यांचा आणि देणगीदारांचा हातभार असतो हे खरं, पण संघ पेठेचा असतो आणि पेठ कोणाला विकत घेऊन दुसऱ्या गावी नेता येत नाही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतला पोरगा आपल्याच गल्लीतल्या दादाला खेळताना बघतो, उद्या आपण तिथे असू असं त्याला वाटतं, आणि ते वाटणं अवास्तव नसतं. सेब ब्राउनच्या बाबतीत जे घडलं त्याची ही रोजची आवृत्ती आहे. कमी आहे ती वर जाणाऱ्या जिन्याची आणि लेखी, पारदर्शक सभासद-मालकीची.

राष्ट्रीय पातळीवर आय-लीगची तिसरी श्रेणी २०२३ पासून सुरू झाली आहे. आता तळाची पायरी आहे. तालमींपैकी एखादीनं आपल्या पेठेतल्या हजार-दोन हजार माणसांना एका मताचे सभासद करून, हिशेब दरवर्षी त्यांच्यासमोर ठेवून, त्या पायरीवर पाय ठेवावा असं मला मनापासून वाटतं. मी पुण्याचा असलो तरी वर्गणी पहिल्या दिवशी भरीन.